लेबले पुसलेल्या आठ बरण्या: संयुक्त मूलकांच्या ओळखीचा एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या पुराचे पाणी वडोदऱ्याच्या अनेक सखल वस्त्यांत शिरले, आणि त्यात एका शाळेच्या तळमजल्यावरील रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही बुडाली. पाणी ओसरल्यावर लाकडी कपाटाच्या खालच्या फळीवरच्या आठ काचेच्या बरण्या शाबूत निघाल्या, पण त्यांच्यावरील कागदी लेबलांचा पार लगदा झाला होता. आठही बरण्यांत पांढरी पूड होती. साठा नोंदवही वरच्या मजल्यावर कार्यालयात असल्यामुळे वाचली आणि त्या फळीवर कोणती आठ द्रव्ये होती, हे तीवरून निश्चित कळले: सोडियम बायसल्फेट, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, अमोनियम सल्फेट, सोडियम नायट्रेट, सोडियम बायकार्बोनेट, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, सोडियम कार्बोनेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट. कोणत्या बरणीत काय आहे, एवढाच प्रश्न होता. विषारी क्षार वेगळ्या कुलूपबंद कपाटात वर ठेवलेले होते आणि त्यांची मोजदाद पुरी भरली होती. ही खात्री झाल्याशिवाय या आठ बरण्यांना हात लावणे योग्य ठरले नसते.

या कामात प्रस्तुत लेखकासोबत शाळेचे प्रयोगशाळा सहायक होते, आणि कलाभवनात, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, वस्त्ररसायन शिकून पुढे रंगाईच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक वयस्कर गृहस्थ होते, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. शाळेचा पहिला विचार आठही बरण्या टाकून देण्याचा होता. तथापि काय टाकतो आहोत हे ठाऊक नसताना टाकणे हेही बरोबर नाही, कारण बायसल्फेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट या दोहोंचे द्रावण कातडीला आणि डोळ्यांना सारखेच घातक, पण अगदी उलट कारणांनी.

नोंदवहीतील यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आठांपैकी सात क्षारांत धन आयन सोडियमचा आहे, आणि सोडियम आयन पाण्याशी आम्ल किंवा आम्लारी म्हणून काहीच व्यवहार करत नाही. त्यामुळे द्रावणाचा सामू (पीएच: ७ला उदासीन, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) काय येईल, हे संपूर्णपणे सोबतच्या संयुक्त मूलकाच्या, म्हणजे एकाहून अधिक अणूंच्या प्रभारित गटाच्या, हाती आहे. आठव्या क्षारात अमोनियम आणि सल्फेट अशी दोन संयुक्त मूलके एकत्र येतात, आणि त्याची गंमत पुढे येईलच. म्हणून गुणात्मक पृथक्करणाची सगळी पोथी उघडण्याआधी सामूनेच चाळणी लावायचे ठरले.

मोजमापाची तयारी

अज्ञात द्रव्याचे ठरावीक मोलर द्रावण करता येत नाही, कारण त्यासाठी रेणुवस्तुमान ठाऊक हवे. शिवाय फॉस्फेटचे क्षार किती स्फटिकजलासह विकत घेतले होते, हेही नोंदवहीत लिहिलेले नव्हते. तेव्हा प्रत्येक बरणीतील १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली, आणि त्यातील काही द्रावण दहापट पातळ करून दोन्हींचा सामू घेतला. हे दुसरे, पातळ द्रावण दिसायला अनावश्यक वाटते, पण निदानात त्याचे वजन पहिल्यापेक्षा कमी नव्हते.

बाजारातून आणलेल्या कॅनमधील ऊर्ध्वपातित पाण्याचाच सामू ५.७ भरला. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात मुरलेला असतो, त्यामुळे असे पाणी कधीच ७ दाखवत नाही. हेच पाणी वापरले असते, तर नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट यांचे आकडे एकमेकांना खेटून बसले असते आणि ‘उदासीन’ क्षार आम्लधर्मी ठरला असता. म्हणून पाणी चांगले उकळून, झाकून गार केले आणि मगच वापरले. सामूमापक ४.०, ७.० आणि ९.२ अशा ठरलेल्या सामूच्या बफर गोळ्यांच्या द्रावणांवर लावून घेतला. १२च्या आसपासचे आकडे त्यामुळे काहीसे अंदाजी मानावे लागतात, कारण तेथे तुलनेला बफर नव्हता आणि सोडियम भरपूर असलेल्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात काचेचा इलेक्ट्रोड जरा कमीच आकडा दाखवतो.

बरण्यांना कपाटातील क्रमानेच क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशी खूण केली. क ९.१, ख ५.४, ग ११.४, घ १.६, छ ९.४, ज १२.० आणि झ ४.५ असे सामू आले. च मात्र स्थिरच होईना: आकडा ६.८च्या आगेमागे सरकत राहिला आणि चंचुपात्रावर नुसते तोंड नेऊन बोलले तरी खाली घसरला. हे सरकणे हाच एक पुरावा होता. द्रावणात आम्ल शोषणारे किंवा देणारे काहीही नसेल, तर श्वासातील कार्बन डायऑक्साइडही काटा हलवायला पुरतो.

सूत्रातला हायड्रोजन

आकडे फळ्यावर लिहिल्यावर सहायकांनी जो तर्क मांडला, तो जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मांडतो. ते म्हणाले, “सर, यादीत चार नावांत हायड्रोजन आहे, बायसल्फेट आणि बायकार्बोनेट धरून. म्हणजे चार ॲसिड निघायला हवीत. आपल्याकडे तर सातच्या खाली तीनच आहेत, आणि त्यातही एक अमोनियम.” काका हसून म्हणाले, “अरे, खाण्याच्या सोड्यातही हायड्रोजन आहे की. पोटात ॲसिड झाले म्हणून तू तोच घेतोस ना?”

काकांचे उत्तर बरोबरच होते, पण ते का बरोबर आहे याची फोड करायला हवी. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येनुसार प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचा आयन) देणारे ते आम्ल आणि घेणारे ती आम्लारी. हायड्रोजन असलेले ऋण आयन हे दोन्ही करू शकतात. तो देण्याकडे अधिक झुकतो की घेण्याकडे, हे दोन आकड्यांच्या तुलनेवरून ठरते: पीकेए, म्हणजे प्रोटॉन देणे किती अवघड याचे माप, आणि पीकेबी, म्हणजे घेणे किती अवघड याचे. बायकार्बोनेटचे आम्ल म्हणून पीकेए १०.३३ आहे, आम्लारी म्हणून त्याचे पीकेबी, म्हणजे १४ मधून कार्बोनिक आम्लाचे ६.३५ वजा केल्यावर, ७.६५ येते. जो आकडा लहान तो व्यवहार प्रबळ, म्हणून बायकार्बोनेट आम्लारीच्या बाजूला पडते. हायड्रोजन फॉस्फेटचेही तसेच आहे: पीकेए १२.३५, पीकेबी ६.८०. उलट डायहायड्रोजन फॉस्फेटचे पीकेए ७.२० आणि पीकेबी ११.८५, म्हणून ते आम्लधर्मी. बायसल्फेटचे पीकेए १.९९ आहे, आणि त्याने आणखी एक प्रोटॉन घेतला तर सल्फ्युरिक आम्ल तयार होईल, जे पाण्यात टिकतच नाही. तेव्हा त्याच्या आम्लारीपणाचा विचारही करायला नको.

दहापट पातळ केलेली द्रावणे कामाला आली ती येथे. देणे आणि घेणे दोन्ही करणाऱ्या आयनाच्या द्रावणाचा सामू त्याच्या दोन्ही बाजूंच्या पीकेएंच्या मध्यावर कोठेतरी स्थिरावतो आणि संहतीबरोबर फारसा हलत नाही. क पातळ केल्यावरही ९.१च्या आसपासच राहिले आणि झ फक्त ४.५ वरून ४.८ वर गेले. मात्र घ १.६ वरून २.३ वर चढले, ग ११.४ वरून ११.० वर आणि ज १२.० वरून ११.३ वर उतरले. म्हणजे क आणि झ हे दोन्हीकडे झुकू शकणारे, तर घ, ग, ज हे एकाच दिशेने वागणारे, ही विभागणी एकही रसायन न घालता हाती आली. घच्या बाबतीत हिशेब असा लागतो की पहिल्या द्रावणात बायसल्फेटचे सुमारे तीस टक्के आयन प्रोटॉन सोडून बसलेले असतात आणि दहापट पातळ केल्यावर सुमारे दोन तृतीयांश. ट्रायसोडियम फॉस्फेटचे चित्र याच्या नेमके उलट आहे: १ टक्का द्रावणातच निम्म्याहून अधिक फॉस्फेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेऊन हायड्रोजन फॉस्फेट झालेले असतात. बरणीवर फॉस्फेट लिहिलेले असले तरी द्रावणात शुद्ध फॉस्फेट आयन अल्पसंख्यच असतो.

सहायकांच्या तर्कात दुसरीही एक फट होती. हायड्रोजन आहे एवढे पुरत नाही, तो कोठे बसला आहे तेही पाहावे लागते. या फळीवर फॉस्फाइट नव्हते, पण त्याचे उदाहरण येथे चपखल बसते. फॉस्फरस आम्लात तीन हायड्रोजन असूनही दोनच सुटतात, कारण तिसरा ऑक्सिजनवर नसून थेट फॉस्फरसला जोडलेला असतो. डायसोडियम फॉस्फाइटच्या सूत्रात हायड्रोजन दिसतो, पण तो आम्लाचा हायड्रोजन नव्हे. ॲसिटेटमधील कार्बनवरच्या तीन हायड्रोजनांचेही हेच. ऑक्सिआम्लांच्या, म्हणजे ज्यांत आम्लाचा हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो अशा आम्लांच्या, या सगळ्या कुळात प्रोटॉनची देवघेव ऑक्सिजनच्या दारातून होते.

रचना काय सांगते आणि काय सांगत नाही

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. ग आणि च या दोन बरण्यांत, पुढे सिद्ध झाल्याप्रमाणे, अनुक्रमे कार्बोनेट आणि नायट्रेट होते. एकाचा सामू ११.४, दुसऱ्याचा काटा श्वासानेही हलावा इतका निर्विकार. आणि तरीही या दोन आयनांची रचना पाहिली, तर ती जुळी भावंडे वाटावीत अशी आहे. दोन्हींत मध्यवर्ती अणूभोवती तीन ऑक्सिजन, सर्व एकाच प्रतलात, परस्परांत १२० अंशांचे कोन. प्रत्येकात संयुजा (बाहेरच्या कक्षेतील) इलेक्ट्रॉन २४. कार्बोनेटमध्ये कार्बन व ऑक्सिजन यांतील अंतर सुमारे १.२९ ॲंगस्ट्रॉम, नायट्रेटमध्ये नायट्रोजन व ऑक्सिजन यांतील सुमारे १.२४. तिन्ही बंध सारखेच भरतात, एकेरीपेक्षा आखूड आणि दुहेरीपेक्षा लांब. कागदावर आपण एक दुहेरी आणि दोन एकेरी बंध काढतो आणि अशा तीन आकृत्यांमध्ये रेझोनन्सचे बाण घालतो. ते बाण पाहून दुहेरी बंध एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत असावा, अशी समजूत होते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. प्रत्यक्षात आयन एकाच स्थितीत असतो आणि प्रभार तिन्ही ऑक्सिजनांवर सम पसरलेला असतो. तीन आकृत्या ही आपल्या लेखनपद्धतीची मर्यादा आहे.

दोघांत फरक एवढाच की कार्बनच्या जागी नायट्रोजन आला म्हणजे अणुकेंद्रकात एक प्रोटॉन वाढला आणि आयनावरील ऋण प्रभार दोनावरून एकावर आला. पण त्याचा परिणाम पाहा. कार्बोनेटने प्रोटॉन घेतल्यावर होणाऱ्या आम्लाचे पीकेए १०.३३, तर नायट्रेटने घेतल्यावर होणारे नायट्रिक आम्ल इतके तीव्र की त्याचे पीकेए शून्याखाली, सुमारे उणे १.४. म्हणजे आकार तोच, इलेक्ट्रॉन तितकेच, आणि प्रोटॉन धरून ठेवण्याच्या क्षमतेत जवळजवळ बारा दशमान पायऱ्यांची तफावत. फॉस्फेट, सल्फेट आणि परक्लोरेट या चतुष्फलकीय त्रिकुटाचेही तसेच आहे: तिघांतही ३२ संयुजा इलेक्ट्रॉन, पण पहिला तीव्र आम्लारी, दुसरा नाममात्र, तिसरा पाण्यात पूर्णपणे निष्क्रिय.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की वर्गात आकाराला जितका वेळ दिला जातो, त्याचा निम्मा तरी प्रभाराच्या वाटणीला द्यावा. आयनावरील एकूण ऋण प्रभार ऑक्सिजनांच्या संख्येने भागला, तर परक्लोरेटला प्रत्येकी पाव, नायट्रेटला एक तृतीयांश, सल्फेटला अर्धा, कार्बोनेटला दोन तृतीयांश आणि फॉस्फेटला पाऊण वाटा येतो. हाच क्रम आम्लारीपणाच्या चढत्या भाजणीचा आहे. दाराशी ऋण प्रभार जितका दाट, तितका प्रोटॉन तेथे सुखाने राहतो. हा भागाकार काही नियम नव्हे, हेही लगेच सांगायला हवे. ॲसिटेटलाही प्रत्येक ऑक्सिजनमागे अर्धाच वाटा येतो, तरी ॲसिटिक आम्लाचे पीकेए ४.७६ आहे, तर सल्फेटचे प्रोटॉन घेतलेले रूप १.९९ वर आहे. मध्यवर्ती अणू कोणता आणि त्याला आणखी काय जोडलेले आहे, याचा हिशेब या भागाकारात येत नाही. क्रम लावायला तो पुरेसा आहे, आकडा काढायला नाही.

आकडा हवा असेल तर लायनस पॉलिंग यांचा आडाखा अधिक उपयोगी पडतो. ऑक्सिआम्लात हायड्रोजन न जोडलेले ऑक्सिजन किती ते मोजायचे, त्याला ५ने गुणून ८मधून वजा करायचे, की पहिले पीकेए अंदाजे मिळते. पुढचा प्रत्येक प्रोटॉन सुमारे ५ने अवघड होतो. फॉस्फोरिक आम्लात असा एक ऑक्सिजन, म्हणून ३, ८ आणि १३ हे अंदाज, प्रत्यक्षात २.१५, ७.२० आणि १२.३५. सल्फ्युरिक आम्लात असे दोन, म्हणून उणे २ आणि ३. दुसऱ्याचे प्रत्यक्ष मूल्य १.९९. आडाखा फसतो तो कार्बोनिक आम्लाशी. अंदाज ३चा, पण पुस्तकात ६.३५ छापलेले असते. याचे कारण रचनेत नसून मोजण्याच्या पद्धतीत आहे: पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे शेकडो रेणू असतील, तर त्यांपैकी एखादाच खरोखर कार्बोनिक आम्लाच्या रूपात असतो, आणि ६.३५ हा आकडा सगळ्यांना एकत्र धरून काढलेला आहे. खऱ्या कार्बोनिक आम्लाचे पीकेए साडेतीनच्या आसपास पडते, म्हणजे पॉलिंग यांनी म्हटल्याच्या जवळच.

अमोनियम या सगळ्यांहून वेगळा. नायट्रोजनभोवती चार हायड्रोजन चतुष्फलकात, आणि एकही एकाकी इलेक्ट्रॉन जोडी शिल्लक नाही, त्यामुळे प्रोटॉन घ्यायला जागाच नाही. द्यायचा तेवढा देता येतो, आणि तोही अनिच्छेने, पीकेए ९.२५. खचा सामू ५.४ आला, त्यात एक बारकावा होता. तेवढ्याच अमोनियमचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, असता तर आकडा ५च्या आसपास आला असता. ख थोडे वर राहिले, कारण सल्फेट आयन, ज्याला आपण उदासीन म्हणून सोडून देतो, तो सुटलेले काही प्रोटॉन उचलून बायसल्फेट होतो. नाममात्र आम्लारीपणाचेही असे कोठेतरी मोजता येण्याजोगे चिन्ह उमटते.

अडकलेली बरणी

येथवर घ बायसल्फेट, झ डायहायड्रोजन फॉस्फेट, ख अमोनियम सल्फेट, च नायट्रेट, ग कार्बोनेट आणि ज ट्रायसोडियम फॉस्फेट असा कच्चा निकाल लागला होता. उरल्या क आणि छ. त्यांतली एक बायकार्बोनेट आणि दुसरी हायड्रोजन फॉस्फेट असणार. बायकार्बोनेटचा सामू ८.३ यायला हवा, ६.३५ आणि १०.३३ यांच्या बरोबर मध्यावर. येथे तर एक ९.१ आणि दुसरी ९.४. दोन्हींपैकी एकही ८.३च्या जवळ नव्हती.

सामूने येथे हात टेकले, तेव्हा विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले. छमध्ये पहिल्या काही थेंबांतच बुडबुडे आले, कमध्ये काहीच नाही. तुलनेसाठी गच्या द्रावणातही थेंब थेंब आम्ल ढवळत घातले, आणि ही कृती प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावी अशी आहे: बराच वेळ एकही बुडबुडा येत नाही. आलेला प्रत्येक प्रोटॉन कार्बोनेट आयन गिळतो आणि बायकार्बोनेट होतो. ते संपत आल्यावर दुसरा प्रोटॉन बसतो, आणि मगच वायू सुटू लागतो. ज्याला सोडा फसफसतो एवढेच माहीत आहे, त्याला या शांत टप्प्यात दोन निरनिराळी पीकेए प्रत्यक्ष दिसतात. छमध्ये तो टप्पा अगदीच छोटा होता, पण होता.

कच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सिल्व्हर फॉस्फेटचा स्वच्छ पिवळा अवक्षेप पडला. तो खाली बसल्यावर वरच्या निवळीत निळा लिटमस घातला, तर तो लाल झाला. मूळ द्रावण अल्कधर्मी आणि निवळी आम्लधर्मी: चांदीने फॉस्फेट ओढून नेले आणि हायड्रोजन फॉस्फेटने इतका वेळ धरून ठेवलेला प्रोटॉन मोकळा पडला. सहायकांच्या ‘नावात हायड्रोजन आहे’ या तर्काला अखेर येथे न्याय मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

मग छ ही बायकार्बोनेटची बरणी ठरली, पण तिचा सामू ९.४ का, हे उरलेच. विचारता कळले की छ आणि च या दोन बरण्यांची बुचे सैल निघाली होती आणि आतील पूड ओलसर होऊन तिचे गठ्ठे झाले होते, म्हणून ती ताटल्यांत पसरून ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या सुमारास वाळवून पुन्हा भरली होती. नायट्रेटला अशा तापमानाचे काही सोयरसुतक नसते. सोडियम नायट्रेट ३०० अंशांच्याही पुढे जाऊन नुसते वितळते. बायकार्बोनेट मात्र ५० अंशांच्या पुढेच हळूहळू विघटित होऊ लागते आणि शंभरच्या आसपास तो वेग लक्षणीय होतो: दोन बायकार्बोनेट आयन मिळून एक कार्बोनेट, एक पाण्याचा रेणू आणि एक कार्बन डायऑक्साइडचा. एका आयनाने दुसऱ्याला प्रोटॉन दिला आणि घेणारा वायू होऊन निघून गेला. एकाच जातीच्या आयनांनी आम्ल आणि आम्लारी या दोन्ही भूमिका वठवल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शालेय रसायनशास्त्रात नाही.

म्हणजे छ हे मिश्रण होते. किती, हे दोन दर्शकांच्या (रंग बदलून टप्पा दाखवणाऱ्या द्रव्यांच्या) अनुमापनाने, म्हणजे आम्ल मोजून हळूहळू घालत जाऊन, काढले. छच्या १ टक्का द्रावणाचे २५ मिलिलिटर घेऊन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन केले, तेव्हा फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग ४.८ मिलिलिटरवर गेला आणि मिथिल ऑरेंजचा बदल एकूण ३३.३ मिलिलिटरवर आला. पहिला टप्पा कार्बोनेटचे बायकार्बोनेट होण्याचा. म्हणून कार्बोनेटच्या वाट्याला दोन्ही टप्पे मिळून ९.६ मिलिलिटर गेले आणि मूळच्या बायकार्बोनेटच्या वाट्याला उरलेले २३.७. वजनात सांगायचे तर कार्बोनेट ५१ मिलिग्रॅम आणि बायकार्बोनेट १९९ मिलिग्रॅम, बेरीज बरोबर २५० मिलिग्रॅम, म्हणजे घेतलेल्या द्रावणातील सगळी पूड. बेरीज जुळली याचा अर्थ पुराच्या पाण्यातून आलेली गाळमाती किंवा इतर क्षार त्या पुडीत मोजण्याइतके नव्हते. पाचवा हिस्सा कार्बोनेट असलेल्या मिश्रणाचा सामू ९.४च्या आसपास येणे अपेक्षितच आहे; कोऱ्या सूत्राने तो ९.६ निघतो, पण इतक्या संहत द्रावणात आयनांच्या परस्पर ओढीमुळे परिणामकारक पीकेए थोडे खाली सरकते.

उरलेल्या खातरजमा नेहमीच्या होत्या आणि त्यांत काही अनपेक्षित घडले नाही. ख कॉस्टिक सोड्याबरोबर गरम करताच अमोनियाचा वास आला, घ आणि ख यांनी बेरियम क्लोराइडबरोबर आम्लात न विरघळणारा पांढरा अवक्षेप दिला, चने नायट्रेटची तपकिरी कडी दाखवली, ज आणि झ यांनी कसारखाच पिवळा अवक्षेप.

नव्या लेबलांवर नावाबरोबरच १ टक्का द्रावणाचा सामू आणि तपासणीची तारीख लिहावी, ही काकांची सूचना शाळेने मान्य केली, कारण पुढे कधी शंका आलीच तर सामूमापकाने मिनिटभरात पडताळा घेता येतो. घ आणि ज या दोन बरण्या वेगवेगळ्या फळ्यांवर, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवल्या गेल्या. छचे लेबल बदलणे भाग होते. त्या पुडीला बायकार्बोनेट म्हणता येत नव्हते आणि कार्बोनेटही नव्हे, तेव्हा अर्धवट झालेली क्रिया पुरी करून टाकणे सोयीचे ठरले. आधी २.०० ग्रॅमचा नमुना २७० अंशांच्या सुमारास वजन स्थिर होईपर्यंत तापवला, तर १.४१ ग्रॅम उरला. शुद्ध बायकार्बोनेटचे वजन ३६.९ टक्क्यांनी घटते. येथे घट साडेएकोणतीस टक्के झाली, म्हणजे अनुमापनातून निघालेल्या ऐंशी टक्के बायकार्बोनेटला धरून. मग सगळी पूड त्याच पद्धतीने तापवून डेसिकेटरमध्ये गार केली, आणि तिच्या द्रावणाला फिनॉल्फ्थॅलीनपर्यंत लागलेले आम्ल मिथिल ऑरेंजपर्यंतच्या आम्लाच्या निम्मे भरल्यावर बरणीवर ‘निर्जल सोडियम कार्बोनेट’ असे लेबल लावले.